कोपीपुढचा खुंटा

'प्रेरणा' हा शब्द कानावर पडला की अजून माझं डोकं फिरतं. डी.एड.ला आमचे मार्गदर्शक सर तो इतक्यांदा वापरायचे की आम्ही पोरी मागच्या बाकावर बसून एकमेकींना कोपरं मारायचो. विद्यार्थ्याला प्रेरणा द्या. पाठात तंत्रज्ञान आणा. खडू-फळ्याला चिकटून बसाल तर उद्या तुम्हाला कुणी विचारणार नाही. आम्ही माना डोलवायचो, लिहून घ्यायचो आणि घंटा झाली की बसस्टँडकडं पळायचो.

सराव करायला मला शाळा मिळाली शिरूर कासारच्या पलीकडची, एका वस्तीवरची. मी नेकनूरकडची. आमच्या विहिरीला पाणी असायचं, त्यामुळं ऊसतोडीचा कोयता आमच्या घरात कधी आला नाही. इथं मात्र दिवाळी उरकली की ट्रक लागायचे. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या वर चढायच्या, त्यांच्यावर माणसं. मागं राहायची म्हातारी आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं. शाळेला दोन गुरुजी, त्यातले एक कायम तालुक्याला मीटिंगला. आणि लोकवर्गणीतून आणलेला एक भलामोठा टीव्ही, त्यावर फुलाफुलांची चादर. काढू का म्हटलं तर गुरुजी म्हणायचे, "राहू द्या मॅडम, खराब व्हतोय." वापरल्यानं टीव्ही खराब होतो! हसावं का रडावं, तेच कळायचं नाही.

चौथीत एक पोरगी होती. लई वांड आणि लई हुशार. दुपारची खिचडी खाऊन झाली की पहिलीची पोरं लिंबाखाली रांगेत बसवायची, हातात काडी घ्यायची आणि हुबेहूब माझ्या आवाजात ओरडायची, "लक्ष कुठं हाय तुझं?" मी एकदा विचारलं, मोठेपणी काय होणार गं? म्हणाली, "मॅडम. पण तुमच्यावानी चिडकी न्हाई." वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, आणि मनातनं लई सुखावले. शिकवायला आले त्याचं चीज झालं, असं वाटलं.

त्या वर्षी आईबापांनी तिला पहिल्यांदाच आजीपाशी मागं ठेवलं होतं. आधी दर हंगामाला ती त्यांच्याबरोबर जायची, परत आली की पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. आता कुठं सलग शाळा चालली होती. पण संक्रांतीच्या सुमाराला ती कोमेजली. काडी घेईना, कुणाला ओरडेना. एक दिवस आजीच शाळेत आली. "मॅडम, रातभर मुसमुसायली. माय पायजे म्हनती. देते लावून तिकडं." मी आजीचे अक्षरशः हात धरले. चौथी अर्धी टाकून गेलेली पोरगी पाचवीला येत नाही, हे वस्तीवरच्या घराघरांत बघत होते मी. तिच्या हातात कोयता येतो, नाहीतर हिरवा चुडा. ही पोरगी मला त्यात जाऊ द्यायची नव्हती. थोडे दिवस द्या म्हटलं, मी बघते काय करायचं ते.

तेवढ्यात माझ्या पाठाची पाळी आली. सर स्वतः बघायला येणार होते आणि त्यांनी बजावलं होतं, पाठात तंत्रज्ञान दिसलं पाहिजे. मी विषय घेतला, उसापासून साखर. पोरीच्या बापाला आदल्या दिवशी फोन लावला. म्हटलं, व्हिडिओ कॉल करते, वर्गाला ऊस कसा तोडतात ते दाखवा. पोरगीही तुम्हाला बघेल, तिचा जीव शांत होईल. तो बापडा एवढा खूश झाला, "लावा की मॅडम, लावा!" म्हणत राहिला.

चादर निघाली. रेंज फक्त खिडकीपाशी यायची, म्हणून टीव्हीच खिडकीपाशी ओढला आणि फोनची वायर त्याला जोडली. बाप पडद्यावर आला तो धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून, मागं उभा ऊस. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानं ऊस बुडातून कसा तोडायचा, पाला कसा सोलायचा, मोळी कशी बांधायची, सगळं झकास दाखवलं. मध्येच आई आली, तोंडावर पदर धरून लाजली. पोरगी पहिल्या रांगेत उठून उभी राहिली होती. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. सर मागं बसून मान हलवत होते आणि मी मनात म्हणत होते, जमलं गं बाई, जमलं.

मग कुणीतरी ओरडलं, "कोपी दाखवा, कोपी!" कोपी म्हणजे त्यांचं पाचटाचं खोपटं, फडाच्या कडेलाच होतं. बाप हौसेनं चालत गेला आणि फोन फिरवला. कोपीच्या तोंडाशी एक खुंटा ठोकलेला. त्याला जुन्या लुगड्याचा पट्टा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, कमरेला गाठ मारून, तिचा भाऊ. रांगायचं सोडून नुकतंच उभं राहायला लागलेलं पोर. अंगावर फक्त झबलं, नाकातोंडावर माशा, मुठीत माती. रडून रडून त्याचा घसा बसला होता, आवाजसुद्धा फुटत नव्हता. आणि ते सगळं आमच्या त्या भल्यामोठ्या टीव्हीवर.

"हे बघ तुझा भाऊ!" बाप हसत म्हणाला. त्याला त्यात काही वाटलं नाही. वर्गातली पोरंही हसली, त्यांच्यातली निम्मी तशीच वाढली होती. पोरगी मात्र टीव्हीपाशी गेली.

"आबा, त्याला कावून बांधलंय?"

"रस्त्यावर जातंय गं. ट्रॅक्टर असत्यात. आमी दोगं फडात, कोन बघील?"

पोरीनं पडद्यावर हात ठेवला, बरोबर त्या गाठीवर. म्हणाली, "मी येते."

बापानं फोन परत स्वतःकडं फिरवला. मी त्याच्याकडं बघत होते. म्हण की रे बाबा, येऊ नको म्हण, शाळा शिक म्हण! त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, एकदा फडाकडं बघितलं आणि म्हणाला, "ठेवतो मग मॅडम."

पाठ संपल्यावर सरांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. तंत्रज्ञानाचा इतका जिवंत वापर त्यांनी बघितला नव्हता म्हणे. "बघितलंत? मुलगी कशी हलली आतून! यालाच प्रेरणा म्हणतात." सर होते म्हणून गप बसले, नाहीतर हातातला डस्टर फेकून मारला असता.

आठवडाही गेला नाही. तिचा चुलता तिकडं जायला निघाला, त्याच्याबरोबर ती निघाली. मी धावत तिच्या घरी गेले तर ती पिशवीत फ्रॉक कोंबत होती, वर भाषेचं पुस्तक. मी समजावलं, रागावले, शेवटी रडले. तू मॅडम होणार होतीस ना गं?

"व्हईन की," ती म्हणाली. "तुमी बघितलं न्हाई का, बांधलंय त्याला?"

आजी चुलीपाशी बसून म्हणाली, "तुमीच दाखवलं नव्हं मॅडम." तिच्या बोलण्यात काही टोचणं नव्हतं, पाऊस आला म्हणावं तसं ती म्हणाली. मी मात्र भडकले. मी दाखवलं, पण मी बांधलं का? कुणी बांधलं, ते का कुणी विचारत नाही? आजीनं भाकर परतली. विचारायचं कुणाला, ते मला तरी कुठं माहीत होतं.

पुढं महिनाभरानं तालुक्याहून साहेब येणार असं ठरलं. गुरुजींनी स्वतःच्या हातानं चादर काढली आणि म्हणाले, "मॅडम, तो फोनचा पाठ परत घ्या. सायेब खूश व्हतील." मी नाही म्हटलं. सरांचा फोन आला, अंतिम गुण अजून द्यायचेत म्हणाले. शिव्या गिळल्या आणि कॉल लावला.

पडद्यावर तीच आली. उन्हानं रापलेली, केस पिंजारलेले, कडेवर भाऊ. त्याचं नाक पुसलेलं होतं, डोळ्यांत काजळ होतं. तिच्या मानेला धरून तो मजेत हसत होता. वर्गात नुसता गलका उठला. साहेबांनी विचारलं, "कितवीत आहेस बाळ?"

"चौथीत," ती ठसक्यात म्हणाली.

"वा! बघा, मूल कुठंही असो, शिक्षण थांबत नाही." साहेबांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली.

तिला ते खरंच वाटलं. तिचा चेहरा उजळला. "मॅडम, आज शिकवायलात व्हय? मला बी शिकवा. थांबा, पुस्तक आनते."

फोन तिनं कशाला तरी टेकवून ठेवला. ती आत गेली, पुस्तक घेऊन आली, मांडी घालून बसली. भावानं पुस्तक ओढलं. तिनं सोडवलं, त्यानं पुन्हा ओढलं, पान टर्रकन फाटलं. तिनं फाटलेलं पान जागेवर दाबून बसवलं आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "दोन मिंटं हां मॅडम. ह्याला बांधते, मग शिकवा."

ती त्याला उचलून खुंट्याकडं गेली. वाकून तिनं पट्टा हातात घेतला. पोराला कळलं. त्यानं पाय झाडले, तिचे केस धरले आणि किंचाळला.

मी फोन बंद केला. टीव्ही काळा झाला.

"रेंजचा लई तरास हाय सायेब आमच्याकडं," गुरुजी म्हणाले. साहेब हो हो म्हणत उठले. पोरं मात्र माझ्याकडंच बघत होती, कारण त्यांनी मला बटण दाबताना बघितलं होतं.