चिनी जेवण मॉस्कोचं की कलकत्त्याचं

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच भांडण चालायचं. परमुलखात चिनी जेवण कुठलं चांगलं? हसू नका. या भाताच्या देशात ज्वारीची भाकर मिळाली तरी सण मानणारे दोन विदर्भातले गडी, अन् वाद कशाचा, तर चिनी जेवणाचा!

आमच्या यांना कारखान्यानं ट्रेनिंगला रशियात धाडलं होतं. परतताना मॉस्कोत थांबले, तिथं चिनी हॉटेलात जेवले. शेजारच्या क्वार्टरमधले भाऊजी कलकत्त्याला गेले होते, बंदरावर उतरलेल्या मशीनच्या पेट्या ताब्यात घ्यायला. तिथं एका चिनी म्हाताऱ्याच्या खानावळीत आठवडाभर जेवले. हे म्हणत, उत्तरेकडचे चिनी कणकेचं, जाड शेवयांसारखं खातात, तेच खरं. भाऊजी उसळत. "कायचं कणकेचं लेका! दक्षिणेकडचा चिनी भात खाते, मासोळी खाते. तुह्या मॉस्कोत मासोळी कोणी पाह्यली?" दिवाबत्ती होईस्तोवर हेच चाले.

मला त्या भांडणाचा राग नव्हता. राग वेगळाच होता. भाऊजी आमच्याच तालुक्यातले, शेतकरी घरचे. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेले. दोघांची पाळी एक, कारखान्यात जाणं-येणं एका सायकलवर. पण या माणसानं आमच्या घरचं पाणी कधी पेलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत पाय नाही. चहा पुढे केला की "आत्ताच घेऊन आलो, वयनी." फराळाचं दिलं की पोट बिघडलेलं. नाहीतर उपास. इतके उपास तर देवालाही माहीत नसतील.

"जाऊ द्या ना," हे म्हणत. "माणूस चांगला हाय."

"चांगला हाय तर चांगल्यावानी पाणी पिऊ द्या!"

भिलाईत यांना जिवाचा असा तो एकच दोस्त होता, तो तुटू नये म्हणून हे गिळत होते. मला नाही गिळवलं. मनाशी पक्कं केलं, एकदा काय ते होऊन जाऊ दे. जेवला तर दोस्त. नाही तर उद्यापासून आपला ओटा बंद.

सुटीच्या दिवशी दोघं पुन्हा पेटले तशी मी बाहेर आले. म्हटलं, "तोंडानं कायले भांडता? सांगा कसं करतात ते. मी करतो. खाऊन पाहा अन् एकदाचं ठरवा."

उन्हाळ्यात केलेल्या शेवया डब्यात होत्या. सुपेल्याच्या बाजारातून पत्ताकोबी आणला, सिरका आणला. दोघं ओट्यावरून हुकूम सोडून राहिले. तेल कडकडीत पायजे. मिरची नाई टाकत. मिरची नाही? मग ते जेवण की बाळंतिणीचं पथ्य? मी चार हिरव्या मिरच्या चिरून टाकल्या. पण आपली शेवई बारीक, ती काय परतण्यासारखी असते? कढईत सगळा लगदा झाला. हे आत डोकावून म्हणाले, "बाप्पा! हे चिनी हाय का कागद चिकटवायची खळ?"

तरी मी तीन ताटल्या भरल्या. भाऊजींची ताटली उंबऱ्यावरून पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"आज उपास हाय, वयनी."

"कायचा उपास?"

ते अंगणाकडे पाहायला लागले. मग मात्र माझा तोल गेला. "कलकत्त्यात आठवडाभर जेवले. त्या चिनी म्हाताऱ्याले त्याची जात इचारली होती का? त्याच्या हातचं गोड लागलं, अन् माझ्या हाताले काय झालं? बोला ना! रोज तर लई बोलता."

"राहू दे," हे म्हणाले. मला वाटलं, मलाच दटावतील. पण हे भाऊजींकडे पाहत होते. "तुले खरं सांगू गड्या? मॉस्कोतल्या जेवणाची चव मले आठवत नाई. रोज तुह्यासंगं खोटाच भांडतो. मले येवढंच आठवते का एक बाई ताट घेऊन आली, माह्या पुढ्यात ठेवलं, अन् अजून पायजे का म्हणून दोनदा इचारून गेली. आपल्या गावच्या हाटेलात मी बाहेर उभ्यानं चहा पेलो. कप येगळा. धुवायचाही मीच. म्हणून मले मॉस्कोचंच चांगलं लागते."

इतकी वर्षं संसार केला, यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

भाऊजी उठले. मला वाटलं, गेला. संपलं. यांचा एकुलता एक दोस्त मीच माझ्या तोंडानं घालवला. तरी ताटली मागे घेतली नाही.

त्यांनी चपला काढल्या. ओट्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. मग उंबरा ओलांडून आत आले, चुलीजवळ मांडी घालून बसले, अन् हात पुढे केला. मी ताटली दिली. हे पण आत येऊन शेजारी बसले. भाऊजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला. मान खाली होती.

मग म्हणाले, "मीठ कमी हाय, वयनी. कलकत्त्याचं याच्याहून बरं होतं."

माझ्या स्वैपाकाला नाव ठेवलेलं मी सासूचंही ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी मिठाची बरणी काढायला भिंतीकडे वळले अन् पदर डोळ्यांना लावला. मागे हे म्हणून राहिले होते, "कलकत्त्याचं कायले? मॉस्कोचं म्हण!"

मीठ बरोबर होतं. करतानाच चाखलं होतं मी. तरी बरणी घेऊन आले, अन् चिमूटभर मीठ माझ्या हातानं त्यांच्या ताटलीत वाढलं.