ढोलकीविना तारा

आमच्या बेंजो पार्टीत एक उलटा कायदा होता. बाकीकडे ढोलकीवाला पेटीचा नाहीतर तारांचा सूर मागतो आणि त्यावर ढोलकी लावतो. आमच्याकडे ढोलकीवाले भाऊ आधी दोर ताणून ढोलकी चढवायचे, एक थाप मारायचे आणि म्हणायचे, लावा. मग मेंडोलिन त्या थापेला लागायचं, पाठोपाठ माझी गिटार. समुद्रकाठच्या दमट हवेत तासाभरात चामडं सैल पडून सूर खाली यायचा, की आम्हीही मुकाट्याने पुन्हा खुंट्या पिळायचो.

मला याचा राग यायचा. मी बोर्लीतल्या शाळेत मास्तर, चार बुकं शिकलेला, आणि भाऊंसारख्या, ग्रामपंचायतीचं पाणी सोडणाऱ्या माणसाने मला सूर सांगायचा, हे बोचायचं. खरं तर ठेका म्हणजे काय हेही मला त्यांनीच शिकवलं. आमच्या वाडीतल्या विहाराच्या पायरीवर मला बसवून माझ्याच मांडीवर बोटं वाजवून शिकवलं. ते मी कधीच विसरलो नाही, फक्त कुणाला सांगितलंही नाही.

म्हसळ्यापासून समुद्रापर्यंत आम्ही हळदी वाजवल्या, जयंत्या वाजवल्या. मग डीजे आले. कीबोर्डवाला कतारला गेला, बाकीचे आपापल्या धंद्याला लागले. उरलो तिघं. भाऊ, मी आणि मेंडोलिनवाला. हा मस्कतहून परत आलेला, बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला, बोलायला कमी आणि बोटांनी फार गोड.

अशात दिवेआगरच्या एका रिसॉर्टच्या मालकाने मला गाठलं; आमची पार्टी त्याने पूर्वी एका हळदीत ऐकली होती. दर शनिवारी सूर्यास्ताच्या वेळी, स्पीकर न लावता, पाहुण्यांसाठी काहीतरी हलकं वाजवायचं. दोघं-तिघं या, असं तो म्हणाला. दोघं-तिघं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भाऊंना सांगितलं, की त्या लोकांना चामड्याचं वाद्य नको आहे, फक्त तारा हव्यात, तसा नियमच आहे. मेंडोलिनवाला शेजारी उभा होता. तो आपल्या नखांकडे बघत राहिला. भाऊ म्हणाले, नियम असेल तर असेल, तुम्ही दोघं जा.

का बोललो मी असं? भाऊंशी भांडण नव्हतं. इतकी वर्षं माझी गिटार ढोलकीखाली कुणाला ऐकूच गेली नव्हती, एवढंच. लोक भाऊंचे हात बघत नाचायचे. मी गिटारच्या जागी झाडू घेऊन बसलो असतो तरी हळद लागली असती. मला एकदा तरी ऐकू जायचं होतं. एवढ्याशा हौसेपायी मी त्या माणसाला घरी बसवला, आणि वर नियमाचं नाव पुढे केलं. याची मला लाज वाटते, आणि तेव्हाही थोडी वाटतच होती.

पहिल्या शनिवारी आमची चांगलीच फजिती झाली. पार्टीत आधी एक आवर्तन भाऊ एकटे वाजवायचे, मग आम्ही शिरायचो. सवय अशी अंगात मुरलेली, की मोबाइलवर सूर लावून आम्ही दोघं सुरूच्या झाडांखाली बसलो आणि नुसतेच बसून राहिलो. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय, आणि दोघंही ढोलकीची वाट बघतोय. पाहुण्यांना ती आमची पद्धत वाटली, ते बिचारे शांत झाले. शेवटी मी पायाने मात्रा मोजल्या आणि सुरुवात केली.

पुढे मात्र छान जमलं. एक बाई मुद्दाम उठून आली आणि गिटार किती गोड वाजते म्हणाली. खोटं कशाला बोलू, घरी येताना मोटरसायकलवर मी शीळ घालत होतो.

भाऊ दर सोमवारी सकाळी शाळेच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह उघडायला यायचे. हातात ती लांबलचक लोखंडी चावी. मला बघितलं की विचारायचे, "काय मास्तर, नियम हाय काय अजून?" मी म्हणायचो, आहे. वाडीत कुणी त्यांना चिडवलं, की पोरांनी तुम्हाला बाजूला सारलं, तर ते माझी बाजू घ्यायचे. त्यांची बायको मला कौतुकाने सांगायची, की ते रोज ढोलकी उन्हात ठेवतात, न जाणो नियम बदलला तर.

हे असं पाच-सहा महिने चाललं. मग भाऊंनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. इतका मी निर्ढावलो होतो.

एका शनिवारी खुंट्या पिळत असताना मालक जवळ आला आणि त्याने सहज विचारलं, तुमच्या ढोलकीवाल्यांचा हात कसा आहे आता? मला कळेना. तो म्हणाला, मागे ते बाजारात भेटले, तेव्हा मी विचारलं की दोघं-तिघं या म्हटलं होतं, तुम्ही का येत नाही. तर म्हणाले, हात दुखतो, थाप बसत नाही, पोरं मला रोज बोलावतात पण मीच जात नाही.

त्या दिवशी मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. मेंडोलिनवाल्याने दोनदा मला सांभाळून घेतलं. परत निघताना तो एवढंच म्हणाला, "भाई, जाऊन सांग त्यांना."

सोमवारी मी शाळा भरायच्या आधीच कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. भाऊ दोन्ही हातांनी चावी फिरवत होते. गंजलेला तो व्हॉल्व्ह, माझ्याने हललाही नसता. मी सगळं एका दमात सांगितलं, की नियम बियम काही नव्हता, मी खोटं बोललो, आता मालकाला खरं सांगतो आणि या शनिवारी तुम्हाला घेऊन जातो.

त्यांनी चावी पूर्ण फिरवली. खालून पाण्याचा आवाज सुरू झाला. मग ते म्हणाले, "त्याला काय सांगू नको. हात दुखतो म्हणून मी सांगितलाय. आता तू खरं बोलशील नि मी खोटा पडेन. या वयात ता नको रे मला."

मी म्हटलं, भाऊ, पण ढोलकी? ते म्हणाले, दोर सैल करून ढोलकी उतरवून ठेवलीय. आणि चावी खांद्यावर टाकून पुढच्या आळीला पाणी सोडायला गेले.

आम्ही अजून दोघंच वाजवतो. सुरुवातीला एक आवर्तन रिकामं सोडतो, पाहुण्यांना ते आवडतं. मालक भला माणूस आहे, दर शनिवारी न विसरता भाऊंच्या हाताची चौकशी करतो. मी सांगतो, अजून दुखतोय.