पाना कितीचा?

हसणार नसाल तरच सांगते. हसालच म्हणा, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना नको! कारण घोळ माझ्या मराठीचा आहे, आणि मी मराठी घेऊन एम.ए. केलंय. पहिल्या वर्गात!

तेव्हा आमची बाळी होती बारा दिवसांची. जन्मल्यावर कावीळ निघाली म्हणून तिला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तिथे तिला बाटली मिळाली आणि बाईसाहेबांना ती भलतीच आवडली. एव्हरशाईन सोसायटीतल्या आमच्या घरी आल्यावर मी तिला छातीशी घेतलं रे घेतलं, की मुठी आवळून, पाठ ताणून अशी किंचाळायची, जणू मी तिला कारल्याचा रस पाजतेय. बाटली दिसली की गप्प!

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "भुकेनं रडायला लागायच्या आधीच घ्या. उघड्या अंगाशी धरा. तुमचं दूध काढून वाटी-चमच्यानं द्या. सुटेल बाटली हळूहळू." मी ठरवलं होतं, अंगावर पाजणारच. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद, "उपाशी ठेवतेस का लेकराला? दे ती बाटली!" मग मी बाटली द्यायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. यात गंमत नाही हं, खरंच रडायचे.

मालिशीला पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून रोझीमावशी यायच्या. वय सत्तर, हात लोखंडी. "पानी तापव गो बाय," म्हणाल्या की मी लगेच, "पाणी, मावशी. ण! बाणातला ण."

"तेच ना. पानी."

सांगा, कसं शिकवायचं या माणसांना?

एके दिवशी मालीश आटोपल्यावर मी खुर्चीत बसून बाळीशी झटत होते. खुर्ची जुनी, लोखंडी पायांची. जरा हललं की कुर्रर्र करायची. मावशी निघता निघता थांबल्या.

"केवडी ताठ बसतेस गो! अशानं कसं व्हायचं? पैला पाना आला पायजे."

"काय?"

"पाना, पाना! पाना आला की पोर आपसूक तोंड लावनार. मग बाटलीकडं बगनार पन नाय."

तेवढ्यात खुर्ची, कुर्रर्र! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्चीचे नट ढिले, त्या आवाजानं बाळी दचकते! वा! बोलणं अशुद्ध असेल, पण म्हातारीची नजर पक्की!

माझा नवरा निखिल सातिवलीच्या एका कारखान्यात मशिनं बघतो. लगेच फोन लावला.

"निखिल, येताना पाना आण."

"कितीचा?"

"म्हणजे?"

"अगं, दहा-अकराचा, बारा-तेराचा, कुठला?"

मावशी दारात चपला घालत होत्या. मी ओरडले, "मावशी, पाना कितीचा हवा?"

त्या खुदकन हसल्या. "कितीचा काय गो! भरपूर आला पायजे!"

मी फोनवर सांगितलं, "भरपूर. सगळेच आण."

संध्याकाळी निखिल पान्यांची अख्खी पिशवी घेऊन आला. कुठलाही प्रश्न न विचारता खुर्चीखाली आडवा झाला. बाळंतिणीला कोण प्रश्न विचारणार? अर्ध्या तासात खुर्ची चिडीचूप. मी ऐटीत बसले, बाळीला घेतलं...

किंकाळी! कालच्यापेक्षा मोठी!

"झालं समाधान?" सासूबाई म्हणाल्या. "आता आणू बाटली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालिशीसाठी बाळीचे कपडे काढून तिला छातीशी धरून उभी होते. मावशी आत आल्या आणि मी सुरूच झाले.

"मावशी, पाना आला! पण उपयोग शून्य!"

"आला?" मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. "देवा, तुजे उपकार! कुटं, बगू?" आणि थेट माझ्या गाऊनलाच हात घातला.

"अहो, तिथे काय बघताय? त्या कोपऱ्यात आहे!"

मावशी गोंधळल्या. मी एका हातानं पिशवीतला सगळ्यात मोठा पाना काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी पान्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत पान्याकडे.

"बाय गो... ह्या लोखंडाला काय करू?"

"तुम्हीच म्हणालात ना, पाना आला पायजे!"

सासूबाई लाडू वळता वळता बाहेर आल्या. त्यांनी पाना पाहिला आणि त्यांचा लाडू फुटला. "अगं, पान्हा! पान्हा म्हणतायत त्या! आईचं दूध उतरतं, तो पान्हा!"

मावशी पान्यासकट खाली बसल्या. सासूबाईंनी भिंत धरली. आधी मला संतापच आला. मग निखिल खुर्चीखाली घामाघूम झालेला आठवला आणि मीही फुटले. बाळीसकट त्याच खुर्चीत कोसळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बारा दिवस ताठ धरलेले खांदे पहिल्यांदा खाली आले.

आणि हसता हसता छातीत झिणझिण्या आल्या. पाहते तर गाऊन ओला! घाईनं बटणं सोडली. बाळीनं नाकानं हुंगलं, मान इकडून तिकडे फिरवली आणि न किंचाळता तोंड लावलं.

बाळीचा गटगट आवाज तेवढा येत होता. मावशी पदरानं डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "बग. आला."

बाटली पुरती सुटायला पुढे आणखी आठवडा गेला, वाटी-चमचा चालूच होता. पण ते राहू दे. एम.ए.ला माझा निबंध कशावर होता, माहितीय? ओवीगीतांतली आई! त्यात मी पानोपानी 'पान्हा' लिहिलाय, शुद्धलेखन तपासून.

आता मावशी "पानी तापव" म्हणाल्या की मी मुकाट्यानं तापवते. तरी कधी सवयीनं कुणाचा उच्चार सुधारायला तोंड उघडलंच, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो,

"ह, सूनबाई. हसण्यातला ह."