चौथी मूठ

नोकरीत खुनाचे गुन्हे उघडकीस आणले, दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ फिरलो. पण निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटले की मला आधी आठवते ती टेकऱ्यावरच्या घराची. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. तरी ती माझी पाठ सोडत नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्या माणसांना अजून त्याच गल्लीत राहायचे आहे.

सुरत हे भाकरीसारखे सपाट शहर. तरी आमच्या हद्दीत, उधन्याच्या पलीकडे खाडीच्या काठाला एक उंचवटा आहे. चढ इतकाच, की भरलेली हातगाडी ढकलताना मागून एक माणूस लागतो. लोक त्याला टेकरा म्हणतात आणि "आम्ही टेकऱ्यावर राहतो" असे सांगताना मान जरा ताठ करतात. कारण पावसाळ्यात खाडी फुगली की खालच्या सोसायट्यांत कमरेएवढे पाणी शिरते आणि टेकऱ्यावर चुली पेटलेल्या असतात. गिरण्यांत कामाला आलेल्या खानदेशी माणसांनी फार पूर्वी तिथे घरे बांधली. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओटा. आता भिंतींना ओल आली आहे, पत्रे गंजले आहेत, आणि भाव मात्र नव्या फ्लॅटच्या वर चढलेला आहे. तिथला एक दलाल मला एकदा चहा पिताना म्हणाला, "सायेब, टेकरा पर घर नथी वेचातुं, पाणीनी बीक वेचाय छे." टेकऱ्यावर घर विकले जात नाही, पाण्याची भीती विकली जाते. माणूस लबाड होता, पण बोलला ते खरे होते. हाच दलाल पुढे या प्रकरणात आरोपी झाला.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. माझे वडीलही खानदेशातून गिरणीत आलेले. कचेरीत गुजराती, रस्त्यावर हिंदी आणि घरी आईशी अहिराणी, अशी माझी तिहेरी जीभ. पोलीस स्टेशनात तिचा फारसा उपयोग होत नसे. या केसमध्ये झाला.

श्रावण लागला होता. सकाळची हजेरी आटोपून मी अर्ज वाचत बसलो होतो. ड्यूटीवरच्या जमादाराने फोन माझ्याकडे दिला. म्हणाला, "साहेब, कुणी बाई आहे, काय बोलते कळत नाही." मी फोन घेतला. पलीकडून दबक्या आवाजात एकच वाक्य आले, "साहेब, टेकरावरलं घर इकी राहिनात, जित्ता मानूसले मारीसन." जिवंत माणसाला मारून घर विकताहेत. मी नाव विचारले, तोवर फोन बंद झाला. नंबर टेकऱ्यावरच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानाचा निघाला. दुकानदाराकडे दिवसभरात दहा जण फोन मागायचे.

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि अर्थातच खून समजून कामाला लागलो. बेवारस मृतदेहांची माहिती काढली, बेपत्ता माणसांचे अर्ज पाहिले. हाती काही लागले नाही. मग डोक्यात आले की बाई खून म्हणाली नव्हती, ती घर विकण्याबद्दल बोलत होती. टेकऱ्यावर कोणकोणती घरे विक्रीला आहेत ते विचारायला मी आमच्या दलालाला बोलावले.

दलाल कागदांची पिशवी घेऊनच आला. एका घराचा सौदा ठरला होता. घेणारे कुटुंब खालच्या सोसायटीतले, दर पावसाळ्यात गाद्या माळ्यावर चढवून कंटाळलेले. विकणारी एक विधवा आजी आणि तिच्याजवळ राहणारा धाकटा मुलगा. बाकी कागद ठीक होते. वारसांच्या पेढीनाम्यात, म्हणजे आपल्या वंशावळीत, थोरल्या मुलाचेही नाव होते आणि त्यापुढे लिहिले होते, "अविवाहित, मयत." खाली दोन पंचांच्या सह्या आणि आजीचा अंगठा.

"हा कधी मेला?" मी विचारले.

"साहेब, वो तो गाँव में मर गया, बरसों पहले. अपने को पेढीनामा मिला, अपन ने काम किया."

"मृत्यूचा दाखला?"

"गाँव में कौन दाखला निकालता है, साहेब?"

त्याने रुमालाने मान पुसली. माझ्या खोलीत पंखा जोरात चालू होता, म्हणून ते लक्षात राहिले.

दोन्ही पंचांना आणि धाकट्या मुलाला मी वेगवेगळे बसवून विचारले. हा जुना उपाय आहे आणि अजून चुकत नाही. खोटे ठरवून आलेली माणसे मेल्याचे साल पाठ करून येतात, मेला कशाने ते ठरवायला विसरतात. एका पंचाने कावीळ सांगितली. दुसऱ्याने साप चावला म्हणून सांगितले. धाकटा म्हणाला, "ताप आला होता." मी त्याला म्हटले, "एका माणसाला इतकी मरणं? यमाचीसुद्धा दमछाक झाली असेल." तो हसला नाही. खाली बघून म्हणाला, "साहेब, वीस वर्षं आईचं मी केलं. तिचं दुखणंखुपणं, बापाचं आजारपण, सगळं मी. तो एकदा तरी आला का? आमच्यासाठी तो मेलेलाच आहे."

हे वाक्य मी जबाबात तसेच लिहून घेतले. माणूस रागात पुष्कळदा खरे बोलून जातो. पण "आमच्यासाठी मेलेला" आणि "मेलेला" यांत कायद्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो सिद्ध करायचा एकच मार्ग होता, आजीचा जबाब.

म्हाताऱ्या बाईला पोलीस स्टेशनात बोलवत नाहीत, तिच्या घरी जायचे असते. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी टेकऱ्यावर गेलो. आजी ओट्यावर बसली होती. कपाळावर गोंदण, हात कामाने राठ झालेले. धाकटा दाराला टेकून उभा. मी विचारले, तसे तिने त्याच्याकडे न बघता सांगितले, "मोठा मरी गया, साहेब. मीच सांगं तसं. अंगठा मन्हाच शे." एवढे बोलून तिने तोंडाला पदर लावला. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. मी सहज विचारले, "थोरल्याचा फोटो नाही?" धाकटा गडबडला. "आहे, पेटीत आहे," म्हणाला.

मी परत आलो तेव्हा माझ्या हातात काही नव्हते. आईच म्हणते मुलगा मेला, तर पोलीस कोण त्याला जिवंत करणार? दोन दिवसांनी महिला कॉन्स्टेबलला घेऊन पुरवणी जबाबासाठी पुन्हा गेलो. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्या दिवशी घरात रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करतात. रोटाचे गहू आदल्या दिवशी काढतात, तेही असे-तसे मोजत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, मग तो घरी असो, सीमेवर असो की तुरुंगात असो. जो आहे त्याची मूठ असते. जो गेला त्याची मूठ बंद होते. माझ्या आईने वडील वारले त्या वर्षी त्यांची मूठ घेतली नव्हती, आणि गव्हाच्या पाटीपुढे ती बराच वेळ तशीच बसून राहिली होती.

आत शिरताच दिसले की भिंतीवर नवऱ्याच्या फोटोशेजारी दुसरा फोटो लागला आहे. विशीतला तरुण, केस मधोमध भांग पाडलेले, आणि गळ्यात नवाकोरा चंदनाचा हार. माझ्या एका प्रश्नाचे धाकट्याने दिलेले हे उत्तर होते. तो कामावर गेलेला होता. आजी त्या भिंतीकडे पाठ करून गहू निवडत बसली होती. समोर सून, दारात तिची दोन पोरे.

मी खाली बसलो. आजीने पाटीतून मूठ भरली, धाकट्याचे नाव घेतले आणि गहू सुपात टाकले, वर चिमूटभर आणखी. मग एका नातवाची मूठ. मग दुसऱ्याची. घरातले पुरुष संपले. आजीचा हात पुन्हा पाटीत गेला आणि चौथी मूठ तिने तोंडातल्या तोंडात काही म्हणत सुपात टाकली.

मी अहिराणीत विचारले, "हाई मूठ कोनी, माय?"

तिचा हात थांबला. पोलीस आपल्या बोलीत बोलेल हे तिच्या ध्यानीमनी नसावे. सून भिंतीला टेकली.

"मोठानी," आजी म्हणाली.

"मरेल मानूसनी मूठ लेतस का, माय?"

"नही लेतस." तिने डोळे वर केले. रडत नव्हती, रागावलेली होती, आणि ती कोणावर रागावली होती ते मला सांगता येणार नाही. "त्यानी अंगठा मांगा, मी दिधा. कागदले काय समजस? पन मूठ कशी सोडू? देवीले काय सांगू मी?"

 महिला कॉन्स्टेबल गुजराती होती. तिला शब्द कळले नाहीत, तरी तिने डोळे पुसले.

मग आजी बोलती झाली. लग्नावरून बापाशी भांडून थोरला निघून गेला होता. बापाने ओटा चढायचा नाही म्हणून बजावले होते, आणि तोही बापाचाच मुलगा, परत आला नाही. पुढे कधीतरी गल्लीतल्या कोणी त्याला भेस्तान स्टेशनवर पाहिले होते, नखांत रंग भरलेला. एवढीच बातमी तिने इतकी वर्षे जपून ठेवली होती. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "पानी ल्या, साहेब." फोनवरचा तो दबका आवाज मी लगेच ओळखला. ओळख न दाखवता तांब्या घेतला. पुढे तिने नवऱ्याला स्वतःच सांगून टाकले, म्हणून आज लिहितो आहे. असे का केलेस म्हणून मी नंतर विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माले बी दोन आंडोर शेतस, साहेब." तिलाही दोन मुलगे होते.

मुठीचा पुरावा कोर्टात चालत नाही. माणूस हवा होता. भिंतीवरचा फोटो पंचनामा करून उतरवला, हार काढून ठेवला. नखांत रंग म्हणजे डाइंग मिल, आणि भेस्तानला गाडी पकडणारा म्हणजे शेजारच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतला, असा साधा हिशेब केला. माझे दोन जवान शिफ्ट सुटायच्या वेळी एकेका मिलच्या दारात तो फोटो दाखवत उभे राहिले. आठवडा संपायच्या आत एका म्हाताऱ्या फोरमनने फोटो बघून आत हाक मारली. बाहेर आला तो पन्नाशीकडे झुकलेला, टक्कल पडलेला. जवानांनी प्रकरण सांगितले तसा तो म्हणाला, "मी मरी गऊ? कवय?" कधी मेलो मी?

ओळख पटवायला आजीला गाडीने आणले. मी मायलेकांच्या भेटी पुष्कळ पाहिल्या आहेत. हंबरडे, पायांवर लोळण. इथे तसे काही घडले नाही. आजीने त्याच्याकडे बघितले, मग त्याच्या टकलाकडे बघितले आणि ओरडली, "सचिनमां व्हता? सचिनमां?" इतक्या जवळ! रिक्षाने अर्ध्या तासाची वाट. तो मान खाली घालून उभा राहिला आणि ती त्याच्या दंडावर चापट्या मारत राहिली.

त्याच दुपारी खरेदीदाराच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झाला. खोटा दस्त आणि फसवणूक. दलाल, दोन पंच आणि धाकटा, चौघांना अटक केली. आजीला साक्षीदार केले. धाकट्याला लॉकअपकडे नेत होते आणि आजी बाकावर बसलेली होती. तो तिच्यासमोरून गेला. तिने मला जवळ बोलावले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "साहेब, एक पोऱ्या आनी दिधा माले, एक ली गयात."

 मी बरोबरच वागलो होतो, आज पुन्हा तसेच वागेन. पण तिने अंगठा का दिला आणि मूठ का सोडली नाही, ते मला त्या क्षणी पुरते कळले. तिला दोघेही हवे होते. धाकट्याने तिला एक निवडायला लावला होता. मी दुसऱ्यांदा तेच केले.

जामिनाच्या दिवशी मी दुसऱ्या कामाने कोर्टात होतो. दलालाचा जामीनदार सकाळीच हजर झाला होता, पंचांचे नातेवाईक आले होते. धाकट्यासाठी कोणी नव्हते. गल्लीने तोंड फिरवले होते. सून एकटी खांबाशी उभी होती. दुपारी थोरला आला, शिफ्टवरून तसाच, नखांत निळा रंग. कारकुनापुढे त्याने आपले कागद ठेवले. कारकून जामीनखतातले रकाने भरत होता. आरोपीशी नाते विचारले, तर थोरला म्हणाला, "भाऊ." कारकुनाने फाइल उलटून पाहिली, त्यात याच नावापुढे "मयत" लिहिलेले होते. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

थोरल्याने लेखणी हातात घेतली आणि मला विचारले, "साहेब, मरेल मानूसनी सही चालस का?"

"चालस," मी म्हटले. "कर."

खटल्याचे जे व्हायचे ते होईल, तो माझ्या हातचा विषय राहिलेला नाही. पण आजही ओळखीचे कोणी जुने घर घेताना सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी सांगतो, कागद वकिलाला दाखवा, पाणी किती चढते ते शेजाऱ्यांना विचारा, आणि सौदा करण्याआधी एकदा त्या घरात जाऊन बसा. कोण रागावून निघून गेले आहे ते घरातल्या म्हातारीला विचारा. ती गप्प राहिली, तर थोडे थांबा. इसार देऊ नका.