स्वारगेटवरून आलेलं सॉफ्टवेअर

“मॅडम, हे चालू झालंय का बंद पडलंय?” धुमाळ सरांनी विचारलं. वेल्ह्याजवळच्या एका शाळेचे ते मुख्याध्यापक. समोर दहा कॉम्प्युटर, दहाही स्क्रीन काळ्या, कोपऱ्यात चार पांढरी अक्षरं. चालू होते. फक्त आत काही नव्हतं.

हे जुने कॉम्प्युटर आमच्या पुण्याच्या कंपनीने दान दिलेले. त्यासाठी सरांनी आमच्या ऑफिसात वर्षभर खेटे घातले होते. परवा आमचे साहेब मुलांचा व्हिडिओ काढायला येणार होते. लॅब चालली नाही तर सगळं दुसऱ्या शाळेला. दान करतानाही आमची कंपनी डेडलाइन सोडत नाही.

लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचे बरेच प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. प्रत्येकाचं सॉफ्टवेअरचं कोठार वेगळं, ते इंटरनेटवर असतं. साहेबांनी माझ्याकडून डेबियन, फेडोरा आणि आर्च यांची तुलना करून घेतली. कुठे नवं मिळतं, कुठे जुनं पण पक्कं, कुठे मराठी टायपिंग सोपं. साहेबांनी एवढंच पाहिलं, की सगळ्यात मोठं कोठार कोणाचं. डेबियन ठरलं. मग इन्स्टॉलेशन लवकर उरकावं म्हणून त्याची सगळ्यात छोटी फाईल घ्यायला लावली. “बाकीचं नेटवरून येईल,” म्हणाले.

शाळेत नेट नव्हतं. एसटी स्टँडवर बोलण्यापुरती रेंज मिळाली, तिथून साहेबांना फोन लावला.

“सर, डाऊनलोड होत नाहीये.”

“अगं, पण सॉफ्टवेअर तर सगळं अव्हेलेबल आहे ना?”

“आहे. पुण्यात.”

मला खरंच राग आला होता. आमच्या सर्व्हरसाठी त्या अख्ख्या कोठाराची प्रत ऑफिसात होतीच. ती हार्डडिस्कवर भरून पाठवा म्हटलं, पण इथे पोचवणार कोण?

“त्यात काय!” सोबत आलेले धुमाळ सर म्हणाले. “सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्या म्हनावं. आमचे चष्मे, औषधं, पंपाचे पार्ट, समदं तसंच येतं. मी त्याला फोन लावतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब स्वतः स्वारगेटला जाऊन उभे राहिले. गाडी आली तशी कंडक्टरने रुमालात बांधलेली डिस्क माझ्या हातात दिली.

“तुमचे सायेब लई घाबरट. धक्का लागंल का, धक्का लागंल का. आवो, ह्याच गाडीतनं आमी अंडी आनतो!”

एकही अंडं फुटलं नव्हतं. डिस्क जोडली आणि संध्याकाळपर्यंत दहाही मशीनवर चित्रकला, गणिताचे खेळ, मराठी टायपिंग, सगळं बसलं. धुमाळ सरांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव टाईप केलं आणि बराच वेळ नुसते बघत बसले.

साहेब व्हिडिओ काढून गेले. कॉम्प्युटर शाळेतच राहिले. हल्ली कुणी विचारलं, की कुठल्या लिनक्सवर सॉफ्टवेअर जास्त मिळतं, तर मी आधी विचारते, “गाव कुठलं?”