उंद्रीची भिंत

सखारामकाका गेल्याची बातमी मला चिखलीच्या बाजारात कळली. श्रावणातली झड चालूच होती. मी सरकीच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होतो, तेवढ्यात आमच्या उंद्रीचा दौलत गाडीवान समोर येऊन उभा राहिला. डोक्यावरची घोंगडी त्याने खाली घेतली, तेव्हाच मला कळलं. "तुमचे काका गेले जी... पहाटं." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "भित पडली का?" दौलतने मान हलवली. "नाही जी. भित उभी हाये. दारात बसल्या बसल्या गेले." बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. उंद्रीत कुणालाही वाटणार नाही. त्याला आता सव्वा महिना झाला, तरी तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

सखारामकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तरुणपणी ते खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे तोलाईला लागले. त्या व्यापाऱ्याच्या नातलगाचं दुकान दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांतात होतं. तिकडे ते कारकून म्हणून गेले. काका तिकडे मोठे हेडमास्तर होते असं गावात अजून सांगतात. ते खरं नाही. दुकान उसाच्या मळ्यांमध्ये होतं आणि मळ्यांत राबणारे बहुतेक आपल्याच देशातून गेलेले मजूर होते. त्यांच्या पोरांना शाळा नव्हती. काकांना हिशेब येत होता, हिंदी येत होती, म्हणून दुकान उघडण्याआधी ते पोरांना झाडाखाली शिकवू लागले. पगार नव्हता. किती वर्षं शिकवलं ते मला नक्की ठाऊक नाही, आणि अंदाजाने लिहायची मला सवय नाही. एवढं ठाऊक आहे की ते परत आले ते अचानक, कुणाला न कळवता. आणि आल्यापासून कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी ते दाराशेजारच्या भिंतीवर उजवा तळहात टेकवायचे. वैद्य नाडी बघतो तसा तो हात तिथे थांबायचा... मग काका आत जायचे. देवळात तेच, माझ्या लग्नात वऱ्हाड उतरलं त्या जानोशाच्या घरीही तेच. माझ्या सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. गल्लीतली पोरं विचारायची, "काका, भितीले ताप हाये का?" काका हसत नसत आणि रागावतही नसत. पावसाळ्यात तर ते घरात झोपतच नसत; चौकटीला पाठ लावून दारात बसून राहायचे.

परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी एक विषय काढला, आणि तो गावाला पटेना. त्या मळ्यावरच्या शाळेला पक्क्या विटांच्या भिंती आणि पत्र्याचं छत पाहिजे, त्यासाठी उंद्रीने दान द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. जमाखर्च मांडायला मला बोलावलं होतं. तेव्हा आमच्या स्वतःच्या शाळेची मागची भिंत फुगली होती आणि दुरुस्तीचा अर्ज वर नागपूरपर्यंत जाऊन पडला होता. पुंजाजी पाटील फटकळ माणूस. ते म्हणाले, "सखाराम, आपल्या पोराइच्या अंगावर भित येऊन राह्यली, अन् तू समुद्रापल्याड पत्रे टाकून राह्यला? तिकडचा जावई हायेस का बे तू?" सगळा पार हसला. मला पाटलांचं म्हणणं बरोबर वाटत होतं, म्हणून मीही विचारलं, "काका, गरज दोन्हीकडं हाये. मंग आधी घरची काऊन नाही?"

काकांनी आपल्या उजव्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाले, "ते भित उंद्रीची होती."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात एकदाच सांगितलं... आमच्याकडे घराच्या भिंती मातीच्या असतात, वर सपाट धाबं आणि धाब्यावर गावठाणातली पांढरी माती. ती पाणी खाली उतरू देत नाही. तिच्याखाली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपतो. मळ्यावरच्या मजुरांनी पोरांसाठी एक खोली बांधायची ठरवली, तेव्हा ते गवताचं छप्पर घालू म्हणत होते. काका म्हणाले, गवत पेटतं, आमच्या गावासारखं धाबं घालू. स्वतः उभं राहून माती तुडवून घेतली, भिंती दीड हात जाड घातल्या. माणसांनी सुट्टीच्या दिवशी फुकट काम केलं. पण तिकडची माती तांबडी. ती पाणी पिते. पहिलाच मोठा पाऊस लागला आणि... "सकाळी म्या भितीले हात लावला," काका म्हणाले, "हात वला झाला. पर बाहेर पानी होतं. पोरं भिजतीन म्हनून म्याच आत बसवले." मागची भिंत बसली तेव्हा बाकीची पोरं दाराबाहेर पळाली. भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी तेवढी राहिली. पोन्नी तिचं नाव. "बाराचा पाढा म्हनत होती. बारा सक बहात्तर म्हनली... पुढचं आयकूच नाही आलं."

पुंजाजी पाटलांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. ओट्याखाली बाया बसल्या होत्या. त्यांच्यातून पाटलांचीच म्हातारी आई बोलली, "आपली भित हाये तं आपूनच बांधा. पुंजा, खाली मान घालून काय बसला? येचनीत घरागनिक एक ओटी कापूस. माही पयली." आमच्याकडे बाया कापूस वेचून लुगड्याच्या ओटीत भरतात. त्या हंगामात प्रत्येक घरातून एक ओटी मारुतीच्या सभामंडपात येऊन पडू लागली. सुलतानपूरला दिलेल्या काकांच्या बहिणीने एक गाठोडं पाठवलं. लोक आता दहा गाड्या कापूस जमला म्हणून सांगतात. वजन मी केलं होतं. दोन गाड्या आणि वर थोडा. तरीही खामगावच्या त्या व्यापाऱ्याने आपल्या पदरची भर घालून रक्कम तिकडे पोचती केली. आमच्या शाळेची भिंत गावाने त्याच उन्हाळ्यात दगडात बांधली. अर्जाचं उत्तर त्यानंतर आलं.

पुढे एकदा तिकडून फोटो आला. विटांची लांब भिंत, वर पत्रे, समोर पोरं ओळीने उभी. मी तो धावतच काकांकडे नेला. मला वाटलं, आता ह्या माणसाची सुटका होईल. काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. एकेका पोरावरून त्यांची नजर सरकत गेली आणि ओळ संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग विचारलं, "इटा नीट भाजेल असतीन का?"

"फोटोत कसं समजंल काका?"

"हाव... फोटोत नाही समजत." आणि त्यांनी त्या कागदातल्या भिंतीवर तळहात टेकवला.

केलेलं काम मी कमी लेखत नाही. तिकडची पोरं पावसात कोरडी बसतात, ही गोष्ट खरी आहे. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यातही काका दारातच बसून होते, आणि पुढच्याही. शेवटी गेले तेही तिथेच, पाठ चौकटीला आणि हात भिंतीला.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेलो. पाऊस पुन्हा धरला होता. मध्ये उघडीप मिळाली तेव्हा काकूंनी सगळं घर पांढऱ्या मातीने पोतारून घेतलं होतं. दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, काकांच्या तळहाताने भिंतीला एक खळगा पडलेला असे. दर वर्षी काकू तो बुजवायच्या आणि दर पावसाळ्यात तो परत पडायचा. ह्या वेळी बुजलेलीच जागा दिसेल असं धरून मी बघितलं... खळगा होता. उथळ होता, पण कडेला बोटांच्या खुणा ताज्या होत्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी पाऊल मागे पडलं. काकू चुलीपाशी होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "भेऊ नको बाबू. माहा हात हाये थो."

"काकू, तुमी काऊन...?"

"ते गेले. पानी तं चालूच हाये ना? कोनाले तं पाहाच लागन."

मी ओसरीत चपला काढल्या आणि उंबऱ्याशी थांबलो. तळहात त्या खळग्यात ठेवला. भिंत कोरडी होती. खात्री झाली, तरी हात काढवेना. धाब्यावर पाऊस पडत होता. मातीच्या छतावर त्याचा आवाज होत नाही. त्या शांततेत मनातल्या मनात बाराचा पाढा सुरू झाला. बारा सक बहात्तरपर्यंत आलो... आणि तिथेच उभा राहिलो.