वर्गाचं नाव ओढ

भोर बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावला एका प्रशिक्षणात मागच्या बाकावर पेंगत बसलो होतो. फोन बाईंच्या पुतण्याचा होता. "सर, आत्या गेली," एवढंच तो बोलला... आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "शनिवारी?" म्हणजे आता शनिवारच्या वर्गाचं काय, असं मला विचारायचं होतं. तो बिचारा म्हणाला, "नाही सर, आज पहाटे." मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माणूस गेल्याचं कळल्यावर आपल्याला कामाची आठवण व्हावी याची मला लाज वाटली, दीड महिना झाला तरी वाटते आहे. पण बाईंना हे कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरोबर विचारलंत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या पायाची भिंगरी थांबली नव्हती, आणि गेली पाच वर्षं त्यांनी मलाही धड बसू दिलं नव्हतं.

बाई मूळच्या राजुरीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शिनोलीच्या अलीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या तेव्हा शाळेचा पट रोडावत चालला होता. इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज सकाळी नेमकी आमच्या फाटकासमोर थांबायची, कारण गावात गाडी वळवायला तेवढीच जागा होती. बाई ते बघत उभ्या राहायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, बसमधली पोरं उतरून आपल्या फाटकातून आत यावीत असं आपल्याकडे काय आहे? मी म्हणालो, काही नाही. त्यावर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला घेऊन घरोघर निघाल्या. एका घरी गाईची धार काढता काढता पोराचा बाप म्हणाला, "बाई, साळा वंगाळ न्हाई तुमची. पण तितं पोराला कायतरी येगळं मिळतंय, आसं वाटतं." ते 'येगळं' बाईंच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही.

त्यांनी योजना काढली ती अशी. पाचवी ते सातवीचा एक खास वर्ग काढायचा, कुठल्याही गावच्या मुलाला तो खुला ठेवायचा, आणि विज्ञान-गणित शिकवायचं ते यंत्रांतून. आमच्याकडे घरटी विहिरीवर मोटार, पण ती जळली की उचलायची आणि मंचरला वाइंडिंगला टाकायची, एवढंच लोकांना ठाऊक. बाई म्हणायच्या, पोरांनी ती उघडली पाहिजे. तालुक्याच्या कार्यालयात असला वर्ग नियमात बसत नाही असं सांगण्यात आलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं बाईंना जमायचं नाही. त्यांनी सरळ जादा शिक्षकच मागितला आणि आठवड्यातून दोनदा जाऊन मागत राहिल्या. शेवटी एक साहेब कंटाळून तोंडीच म्हणाले, बाहेरगावची पंधरा पोरं टिकवून दाखवा, म्हणजे शिक्षक देतो. पुढचे दोन महिने आम्ही जळक्या मोटारी, मोडके स्टार्टर, मिक्सर असलं काहीबाही गोळा करत हिंडलो. माझी बायको मला भंगारवाला म्हणायला लागली.

नाव बाईंनीच ठेवलं. सहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं, मोटार पाणी ओढते म्हणजे नक्की काय करते? बाईंना शब्द आवडला. पोरांना शाळेची ओढ लागली पाहिजे, असंही त्यांच्या मनात होतं. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'ओढ' लिहून पाटी लागलीसुद्धा. मग पालकसभेत सखारामबाबा उठले. म्हातारा सहसा बोलायचा नाही. "बाई, पावसानं वढ दिली का आमच्या पोटात गोळा येतो," ते म्हणाले, "आन् साळंच्या दारावर तुमी त्योच शबुद लिवला व्हय?" आम्ही दोघंही शेतकऱ्याची पोरं, पाऊस दडी मारतो त्याला ओढ म्हणतात हे ऐकत वाढलेली, पण चार बुकं शिकल्यावर ओढ म्हणजे माया एवढंच आमच्या डोक्यात राहिलं होतं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, पाटी तशीच राहिली. पण घरी जाताना त्या मला दोनदा म्हणाल्या, असं कसं सुचलं नाही हो मला...

जूनमध्ये नारळ फुटला. बाहेरगावची सतरा पोरं आली. त्यातली सहा पिवळ्या बसमधून उतरलेली, आणि अकरा वरच्या डोंगरातल्या एका वाडीची. ही अकरा जण सकाळी जीपने यायची, मोटारीवर तुटून पडायची, हातांना ग्रीस फासून घरी जायची. बाई इतक्या खुशीत मी कधी पाहिल्या नव्हत्या. ही खुशी तीन आठवडे टिकली. मग वाडीच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. ते तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते, की बाई, माझ्या शाळेत आता कोणीच येत नाही. आमचा हिशेब होता की मोठी पोरं इकडे आली तरी पहिली-दुसरीची तिथे राहतील. मग ती कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वर गेलो. भाताची लावणी चालू होती. बांधावर एक आजी भेटली, तिची नात आमच्या वर्गात होती आणि धाकटा नातू तिच्या पदराला धरून उभा होता. बाईंनी विचारलं, हा शाळेत का जात नाही? आजी जराही रागावली नव्हती. म्हणाली, "वढ्याला पाणी हाय, बाई. बारकी पोरं मोठ्यांचा हात धरून पल्याड जायाची. मोठी तुमी न्हेली. आता हात कुनाचा धरायचा?"

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि शिनोली यायच्या आत त्यांनी ठरवून टाकलं होतं. अकराही पोरं परत पाठवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मोटार, पान्हे घेऊन आपणच वर जायचं. मी भडकलो. सतरातून अकरा गेली तर साहेबांची अट मोडणार, वर्ग बंद पडणार, वर्षभराची हाडाची काडं वाया जाणार. हे सगळं मी भर एसटीत मोठ्या आवाजात बोललो. बाई म्हणाल्या, "सर, आपण बसमधली पोरं ओढायला निघालो होतो. ओढली ती आपल्याच भावाच्या घरातली." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "तुमची सायली पाचवीतच आहे ना?"

सायली माझी मुलगी. ती त्याच पिवळ्या बसने जायची. मी घरोघर फिरून लोकांना सांगायचो की आपली शाळा चांगली, आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार. मी "हो" म्हणालो आणि तिकिटाशी चाळा करत बसलो. बाईंनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

वर्ग दिवाळीच्या आधी बंद पडला. शिक्षक मिळाला नाही. वाडीची शाळा मात्र राहिली, आणि शनिवारही राहिला. मी कधी जायचो, कधी काहीतरी सबब सांगायचो. बाईंचा खाडा मला आठवत नाही. निवृत्तीनंतर तर त्या राजुरीहून तीन गाड्या बदलून यायच्या.

परवाच्या शनिवारी मी वाडीवर गेलो. सायली आता नववीत आहे. मी येते, असं ती स्वतःहून म्हणाली तेव्हा मला नवल वाटलं. शाळेच्या एकुलत्या एका खोलीत कोपऱ्यात बाईंची मोटार गोणपाटाखाली झाकलेली होती. पोरांनी गोणपाट काढलं, कुठला नट आधी सोडवायचा ते सायलीला सांगितलं, आणि तिने पान्हा हातात घेतला. खाली बघतच ती म्हणाली, "पप्पा, उद्घाटनाला तुम्ही मला नेलं होतं ना, तेव्हा बाईंनी मला विचारलं होतं, येतेस का आमच्याकडे म्हणून. मी हो म्हणाले होते."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

"बाई म्हणाल्या, बाबांना सांगू नकोस. त्यांनी स्वतःहून आणलं तरच यायचं. मी आठवडाभर दप्तर भरून ठेवलं होतं."

नट गंजला होता, हलत नव्हता. सायली दोन्ही हातांनी जोर लावत राहिली, आणि मला पुढे होऊन पान्ह्याला हात लावायचं धाडस होईना.